खालचा आकडा

सेतुमामा, तुमचं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. तेराव्याला मी आले होते, पण जेवायला थांबले नाही. वर पानं मांडली जात होती, कुणीतरी माझा हात धरून मला बसवायला निघालं, आणि मी "वॉर्डात राउंड आहे" असं सांगून जिना उतरले. राउंड नव्हता. मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या तुमच्या अरुंद गल्लीत गाडीच्या काचा वर करून बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी तुमच्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरला नसता.

तुमच्या नातेवाइकांना वाटलं, डॉक्टरीणबाईंना फार दुःख झालंय. दुःख झालंच आहे. पण जे झालंय त्याला नुसतं दुःख म्हणणं ही सोय आहे. म्हणून हे लिहायला बसले. समोर असता तर तुम्ही दोन वाक्यांत मला थांबवलं असतंत, "पोदुम, पुरे" म्हणून. आता थांबवणारं कुणी नाही, तेव्हा सगळं सांगते.

सुरुवातीपासून सांगते, कारण खोटं तिथूनच सुरू होतं.

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाबा अंबत्तूरच्या पलीकडे संरक्षण कारखान्यात नोकरीला, आम्ही नागपूरहून बदलीवर आलेले. घरात मराठी, बाहेर मोडकंतोडकं तमिळ. माझ्या वाट्याला सहा नंबरचा पलंग आला. त्यावर काळ्याभोर मिशीचा, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस निवांत बसला होता. तो तुम्ही, परीक्षेसाठी म्हणून बाहेरून बोलावलेला खरा पेशंट. अर्ध्या तासात तुम्हाला तपासून रोग ओळखायचा होता आणि भीतीने स्टेथोस्कोप कानात नीट बसेना. मी स्वतःशीच पुटपुटले, "देवा, काहीच सुचत नाहीये."

तुम्ही छताकडे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणालात, "सुचेल. घाई कां करितेस? आधीं माझें डोकें पहा."

मद्रासच्या त्या हॉलमध्ये, फिनाइलच्या वासात, माझ्या आजीच्याही आजीची वाटावी अशी मराठी. मी इतकी दचकले की भीती पळाली. मग पाहिलं. तुमचं डोकं हलत होतं. अगदी बारीक, प्रत्येक ठोक्याला पुढे, जणू तुम्ही कुणाला तरी सारखे "हो, हो" म्हणत आहात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा उडत होत्या. तुम्ही पुढे सांगत गेलात. "हात वर धरून नाडी पहा. बीपी घेतांना आवाज मंद झाला म्हणून पट्टा काढूं नको, शेवटपर्यंत ऐक. आणि मजला पुढें वांकवून बसव. निजवून ऐकशील तर चुकशील."

पट्ट्यातली हवा सोडत गेले आणि आवाज संपेचना. पारा तळाला गेला तरी तो धडधडतच होता. तुम्हाला पुढे वाकवलं, श्वास सोडून धरायला सांगितलं, आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ती लांब, मऊ फुसफुस ऐकू आली. हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची झडप गळत होती. हृदय रक्त बाहेर फेकायचं, त्यातलं बरंचसं मागे परत यायचं, म्हणून ते पुढच्या वेळी दुप्पट जोराने फेकायचं. नाडी हाताला थाप मारून एकदम खाली पडायची. बीपीचा वरचा आकडा एकशेसत्तर, खालचा, आवाज मंद होतो तिथला, जेमतेम चाळीस. परीक्षकांनी माझी पाठ थोपटली.

नंतर बाहेर व्हरांड्यात मी तुमचे आभार मानायला आले. तुम्ही सांगितलंत की तुमचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या तमिळ मुलखातलं; आणि कुंभकोणमला लहानपणी सांध्यांना सूज आणणारा ताप आला होता, तेव्हापासूनची ही झडप. आणि तुमची टायपिंगची संस्था आहे. वर्षातून दोनदा मुलं परीक्षेला बसतात, येत असूनही भीतीने बोटं गोठतात आणि नापास होतात. "तें तोंड मजला पाहवत नाहीं, अम्मा," म्हणालात. "मशीनीवर मी तयांस सांगूं शकत नाहीं. येथें सांगूं शकतों."

मामा, त्या दिवशी तुम्ही मला उत्तर दिलंत, आणि ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, तुम्ही माझे पेशंट झालात, दरवर्षी माझ्या वर्गासाठी खुर्चीत येऊन बसायला लागलात. दरवर्षी मी मुलांना तीच गोष्ट सांगायचे. "मी परीक्षेत पलंगाशी गेले, हात लावायच्या आधी फक्त पाहिलं, आणि पेशंटचं डोकं हलतंय हे माझ्या लक्षात आलं. आधी बघायला शिका." तुम्ही शेजारीच असायचात. मराठीत नाही, इंग्रजीत सांगायचे, पण तुम्ही इंग्रजी टायपिंग शिकवणारे. तुम्हाला एकेक शब्द कळत होता. एकदा वर्ग सुटल्यावर लिफ्टपाशी तुम्ही म्हणालात, "गोष्ट बरी सांगतेस." मी हसले. तुम्हीही हसलात. लिफ्ट आली.

मला तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. पण मुलं मला मानत होती, आणि त्या मानण्याखाली ती गोष्ट होती.

बाकी तुमचं-माझं किती छान चाललं होतं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी पेरुंगुडीच्या माझ्या घरून तिरुवल्लिक्केणीला यायचे, तुमचं बीपी घ्यायचे, आणि मामींच्या हातची डांगर पचडी, ती उडदाच्या पिठाची दह्यातली कोशिंबीर, आणि भात खाऊन जायचे. टायपिंगच्या संस्थेत मुलं येईनाशी झाली होती. तुम्ही मशीनं विकली नाहीत, कपड्याने झाकून ठेवलीत, आणि रविवारी एकेकाला तेल द्यायचात. माझ्या मराठीला तुम्ही हसायचात. मी "काळजी करू नका" म्हटलं की म्हणायचात, "काळजी म्हणजे काय करितात? आम्ही चिंता करितों." मी मुलाशी घरात इंग्रजी बोलते हे कळल्यावर तुम्ही आठवडाभर रुसला होतात. "आम्ही इतक्या पिढ्या राखिली, तुम्ही एका पिढींत टाकिली." त्यावरून आपण कडाडून भांडलो होतो आणि मामींनी दोघांनाही ताक दिलं होतं.

हृदयाच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की दर सहा महिन्यांनी इको काढत जा. हृदय किती ताणलं गेलंय ते त्यात दिसतं, आणि एका मर्यादेपुढे ताणलं गेलं की झडप बदलायला उशीर करायचा नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की तुमचा चेहरा उतरायचा. तुम्ही मला विचारलंत, "तुझें मत काय?" मी सांगितलं, आत्ता घाई नाही. तुम्हाला दम लागत नाही, जिना चढता, हृदयाचा आकार मर्यादेत आहे. ते तेव्हा खरं होतं, आणि ते सांगितल्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप पुढचा आहे. गेल्या वर्षी मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुमचा इको राहिला. पुढच्या वेळी मशीनच्या रांगेत तीन तास बसून तुम्ही परत आलात आणि विचारलंत, "काढिलाच पाहिजे कां?" मी म्हणाले, "राहू द्या मामा, पुढच्या महिन्यात बघू. मी दर महिन्याला ऐकतेच आहे की."

मी ऐकतेच आहे की. मला माझ्या कानांचा किती गर्व होता, मामा. तुमचं हृदय मला पाठ आहे असं मी म्हणायचे. पाठ झालेली गोष्ट माणूस पुन्हा ऐकत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी तरी कुठे कुणाला शिकवलं.

तमिळ मार्गळी महिना संपत आला होता, पोंगल तोंडावर. गल्लीत दारोदार अजून रांगोळीचे मोठमोठे कोलम काढलेले. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलांची अंतर्गत परीक्षा होती आणि तुम्ही केस म्हणून येणार होतात, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच तुम्हाला बघून घ्यायला आले. दार उघडता उघडता मामी म्हणाल्या, "पाहिलेंस कां, यांचें डोकें हालायचें राहिलें! पिल्लैयार गणपतीस नारळ फोडिला." तुम्ही आरामखुर्चीत बसला होतात. खरंच, डोकं स्थिर होतं. मी पट्टा बांधला. एकशेचौतीसवर सत्तर.

त्या सत्तरकडे बघून मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. "मामा, झकास! बीपी एकदम नॉर्मल. गोळी लागू पडली." दोन महिन्यांपूर्वी मीच तुम्हाला एक गोळी सुरू केली होती. मला वाटलं, श्रेय माझं.

मी मुलांना शिकवते, मामा. फळ्यावर लिहून शिकवते. झडप गळणाऱ्या माणसाचा खालचा आकडा चाळीस असतो, कारण रक्त मागे गळतं. तो आकडा आपोआप सत्तर झाला, तर झडप बरी झालेली नसते, झडपा बऱ्या होत नाहीत. हृदय थकलेलं असतं. आता त्याला जोराने फेकता येत नाही म्हणून वरचा आकडा उतरतो, आणि आत दाब इतका साठलेला असतो की मागे गळायलाही जागा उरत नाही, म्हणून खालचा चढतो. नाडीची थाप जाते. डोकं हलायचं थांबतं. सगळी लक्षणं शांत होतात आणि कागदावर माणूस निरोगी दिसतो. हे मी दरवर्षी एका तासात शिकवते, आणि तुमच्या हाताला पट्टा बांधलेला असताना ते मला आठवलं नाही.

आठवलं नाही एवढंच असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं. पण माझ्या मनात तेव्हा जे आलं ते सांगते, कारण ते तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. माझ्या मनात आलं, अरे देवा, उद्या मुलांना दाखवू काय? नाडी मऊ, डोकं हलत नाही. नमुन्यासारखी केस, आणि नेमकं उद्याच तिच्यावर पाणी फिरणार. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही जरा अपराध्यासारखं विचारलंत, "उद्यांस चालेन कीं नाहीं?"

"चालेल हो मामा," मी म्हणाले.

मामी आतून सांगत होत्या की हल्ली हे पलंगावर झोपत नाहीत, खुर्चीतच डोळा लागतो यांचा. तुम्ही म्हणालात, "गॅस आहे, कांहीं नाहीं." मी दोन्ही वाक्यं ऐकली. आडवं झालं की दम कोंडतो म्हणून माणूस बसून झोपतो, हे मला माहीत असायला पंचवीस वर्षांची डॉक्टरकी लागत नाही. पण मी पेपर, केसेस आणि बाहेरून येणाऱ्या पेशंटांची यादी यात होते. फुप्फुसांत पाणी साठलंय का ते ऐकायला तुमची पाठ तपासली नाही. पुढे वाकवून ऐकलं, फुसफुस जरा छोटी वाटली, आणि मी म्हटलं, आवाज कमी, म्हणजे बरंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षातून आलात. जिन्याऐवजी लिफ्ट घेतलीत. मी ते पाहिलं.

तुमच्याकडे सेल्वीची पाळी आली. तिरुनेलवेलीजवळच्या गावची मुलगी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा तिने खाली बघत सांगायला सुरुवात केली. नाडी जलद आहे, थाप जाणवत नाही. बीपी एकशेबत्तीसवर चौऱ्याहत्तर. फुसफुस आहे पण आखूड आहे. दोन ठोक्यांच्या मागून तिसरा एक ठोका ऐकू येतो. पाठीवर दोन्ही बाजूंना, खालून निम्म्यापर्यंत, करकर ऐकू येते.

मी तिला थांबवलं. "नाडीची थाप कुठे गेली? हात वर धरून पाहिलास?"

"पाहिला, मॅडम."

"मग पुन्हा बघ."

तिने तुमचा हात धरला, आणि मामा, तुम्ही स्वतःच तो वर उचललात. दंड कानाला लावून, उंच. तिला मदत म्हणून. मला दिसत होतं, तुम्ही तुमची ती जुनी थाप तिच्या हातात द्यायचा प्रयत्न करत होतात. तुम्हाला धाप लागली होती. सेल्वी म्हणाली, "नाही मॅडम, नाही जाणवत."

मी पेनाने तिच्या कागदावर लिहिलं, ‘लक्षणे ओळखता आली नाहीत.’ निम्म्याहून कमी गुण दिले. पुढच्या पलंगाकडे वळले. आणि सेल्वीचे डोळे भरले ते तुम्ही पाहिलंत.

दुपारी व्हरांड्यात तुम्ही माझी वाट बघत थांबला होतात. भिंतीला टेकून. मी जवळ आले तशी म्हणालात, "ती मुलगी बरोबर होती काय?"

"कोण मुलगी?"

"जिला तूं नापास केलीस ती. तिनें पाठीवर बराच वेळ ऐकिलें. इतकी वर्षें झालीं, कोणी माझे पाठीवर इतका वेळ ऐकत नाहीं. तिजला कांहीं तरी ऐकूं आलें असावें."

मला भूक लागली होती, माझ्या सात केसेस राहिल्या होत्या, आणि माझ्याच पेशंटने मला माझं काम सांगितलेलं मला आवडलं नाही. मी म्हणाले, "मामा, परीक्षक मी आहे. तुम्ही केस आहात."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग हसलात. "सरी, सरी, बरें," म्हणालात, आणि लिफ्टकडे निघालात. मी तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले नाही. दर वर्षी यायचे.

हे आपलं शेवटचं बोलणं. यानंतर हॉस्पिटलात झालं ते बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला तेव्हा मी घरातून निघतच होते. मागे तुमचा श्वास ऐकू येत होता. फोनवरून, पाण्यातून यावा तसा. मी ओरडले, "माझी वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या, आत्ता." रस्ता तुंबलेला. मी गाडी पुलाखाली सोडून पुढचा तुकडा कुणाच्यातरी मोटरसायकलवर बसून गाठला. तोवर तुम्हाला अतिदक्षता विभागात उशांना टेकवून बसवलं होतं, तोंडावर मास्क. तिथल्या तरुण डॉक्टरने मला विचारलं, "आधी काही लक्षणं?" मी त्याला सगळं नीट सांगितलं. आकडे, आवाज, खुर्चीत झोपणं. इतकं स्पष्ट, इतकं क्रमाने, की तो वहीत लिहिता लिहिता थांबून माझ्याकडे बघायला लागला. त्याने विचारलं नाही की मग तुम्ही काय केलंत. त्याला विचारायची गरज नव्हती.

मी तुमच्या पलंगाशी आले. तुम्ही मला ओळखलंत. मास्क हाताने बाजूला सारून म्हणालात, "ती मुलगी..." आणि नर्सने मास्क परत बसवला. मी म्हणाले, "बोलू नका मामा, नंतर." तुम्ही मान हलवलीत.

दुपारी अडीचला तुम्ही गेलात.

ती मुलगी काय, मामा? पास कर, एवढंच? की तिला ऐकू आलं होतं तेच खरं होतं, हे तुम्हाला तोवर कळलं होतं? की तिला बोलाव? मी ते वाक्य किती प्रकारांनी पुरं केलंय. "बोलू नका" असं मी म्हटलं नसतं तर तुम्ही पुन्हा मास्क काढला असतात. मी तुम्हाला एकाच आठवड्यात दोनदा गप्प केलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन सेल्वीचा कागद काढला. परीक्षेच्या वेळी मी तिला शेवटपर्यंत बोलू दिलं नव्हतं, आणि कागद पूर्ण वाचला नव्हता. शेवटच्या ओळीत तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की या पेशंटचं हृदय थकत चाललंय आणि त्याला आजच दाखल करायला हवं. त्याच्याखाली माझा शेरा होता.

तिला बोलावलं. माझ्या खोलीत दार लावून मी तिला सांगितलं की तू बरोबर होतीस, मी चूक होते, आणि तो पेशंट गेला. ती हळू आवाजात तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, परीक्षा झाल्यावर मी त्यांना शोधायला खाली गेले होते. सांगणार होते, कुणाला तरी दाखवा म्हणून. ते रिक्षात बसत होते. मी हाक मारणार होते."

"मग?"

"मग वाटलं, तुम्ही त्यांना दर महिन्याला बघता. तुम्ही बघितलंय म्हणजे ठीकच असेल. माझंच ऐकणं चुकलं असेल."

मामा, माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं कठोर बोललेलं नाही, आणि ती तर मला दोष देतही नव्हती. ती स्वतःला देत होती. मी तिला म्हटलं, तुझं काहीही चुकलेलं नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही. गुण मी बदलले, विभागप्रमुखांना लेखी कळवलं की का बदलले, तुमच्या बाबतीत काय घडलं तेही लिहून दिलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, फार मनाला लावून घेऊ नका. फार चांगला माणूस आहे. त्यांच्याकडून असा दिलासा घेऊन बाहेर पडताना मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी वर्ग होता. मी मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. परीक्षेत तुमचं डोकं मी ओळखलं नव्हतं, तुम्ही मला दाखवलं होतं, ही पहिली. सत्तरचा आकडा ही दुसरी. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, मग ते तुमच्याशी खोटं वागले की तुम्ही आमच्याशी?" मी म्हणाले, मी तुमच्याशी. त्यांनी फक्त एका घाबरलेल्या मुलीला मदत केली. त्याने ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे.

एक काम उरलं होतं. ते मी काल केलं.

काल दुपारी मामींकडे आले. त्या टायपिंगच्या मशीनांवरची कापडं धुवून वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तेराव्यास जेवलीस नाहीं. बस, कॉफी करितें." मी म्हणाले, मामी, आधी ऐका. मग उभ्या उभ्याच सांगितलं. मामांचं डोकं हलायचं थांबलं ते बरं लक्षण नव्हतं. ते हृदय हरत चालल्याचं लक्षण होतं. बीपी छान आहे असं मी म्हणाले ते चूक होतं. तुम्ही म्हणालात ते खुर्चीत झोपतात, तेव्हाच मला त्यांना दवाखान्यात न्यायला हवं होतं. एका मुलीने दुसऱ्या दिवशी ओळखलं होतं, आणि मी तिला नापास केलं. इको मीच पुढे ढकलायला सांगितला होता.

मामी दोरीपाशी उभ्या होत्या. हातातलं कापड त्यांनी दोनदा झटकलं, दोरीवर घातलं, कड सरळ केली. मग विचारलं, "त्या सांजेस नेलें असतें तर वांचते कां?"

खोटं बोलायला वाव होता. तुम्हाला तरी काय सांगू, डॉक्टर मंडळी यासाठी किती गोल गोल वाक्यं तयार ठेवतात. मी म्हणाले, "वाचले असते असं छातीठोक सांगता येत नाही मामी. पण वाचायची बरीच आशा होती."

"मीं नारळ फोडिला," मामी म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. मी जवळ जायला लागले तर त्यांनी हाताने नको केलं. खाली कुणीतरी फुलं विकत हिंडत होतं. शेवटी त्या उठल्या, आत गेल्या, तोंड धुवून आल्या. कॉफीचं काही बोलल्या नाहीत.

"आतां तूं जा," म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. "दुसऱ्या शनवारीं येऊं नको. मी सांगून पाठवीन तेव्हां ये."

"कधी, मामी?"

"मजला ठाऊक नाहीं. बोलवीन कीं नाहीं तेंही आतां सांगूं शकत नाहीं."

मी चपला घातल्या. जिन्यात मला वाटलं, तुम्ही असता तर मधे पडला असतात, तिला म्हणाला असतात की लेकरू चुकलं, कॉफी दे. तुम्ही नेहमी माझ्या बाजूने बोलायचात. यावेळी बोलू नका, मामा. मामींचं म्हणणं बरोबर आहे. त्यांना जेवढा वेळ हवा तेवढा घेऊ देत. मी थांबते.